हाफिजच्या नावाचा लव्हाळा

"हाफिज, पुण्याहून एक बाई येऊन राह्यल्या," खोब्रागडे सर दारातूनच म्हणाले. त्यांच्या हातात उघडलेलं पत्र होतं. "आपला लव्हाळा पाहाले."

हाफिज शेख कपाटात डांबरगोळ्या ठेवत होता. त्याचा हात तिथेच थांबला.

"कोणता लव्हाळा, सर?"

"कोणता म्हणजे? तुझा."

जुलै १९८६ ची ती दुपार. चंद्रपूरच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा अटेंडंट म्हणून हाफिजला एकोणीस वर्षं झाली होती. वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवायची, लेबल लावायचं, कपाटात नंबरवार ठेवायची, हे त्याचं काम. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण हात असा की तुटकं पानसुद्धा तो जागच्या जागी बसवी. प्रा. देवाजी खोब्रागडे त्याला सगळीकडे बरोबर नेत, आणि दोघं मिळून हिंडत ते लव्हाळ्यांसाठी.

लव्हाळा दिसायला गवत, पण गवत नव्हे. देठ बोटांत फिरवला तर तीन धारा लागतात. शेतकरी त्याला मोथा म्हणतो आणि उपटून बांधावर फेकतो. पण त्याच्या जाती ओळखणं म्हणजे डोळे फोडून घेणं. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. फरक असतो तो मोहरीहून बारीक दाण्यात. दाणा चपटा की तिधारी, त्याच्या शेंड्यावरचा धागा दोन फाट्यांचा की तीन, हे भिंगाखाली बघावं लागतं. सरांनी अर्धं आयुष्य त्यात घातलं होतं. युनिव्हर्सिटीतली काही माणसं त्यांना पाठीमागे हसत. खोब्रागड्यांच्या घरातला पहिला शिकलेला माणूस, आणि शिकून काय केलं तर मोथा उपटला.

ते हसणं बंद झालं १९७९ साली. सरांनी एक नवीन जात शोधल्याचा लेख छापून आला. खाली छोट्या कांद्यासारखी गाठ आणि वर दोन फाट्यांचा चपटा दाणा. या कुळात ही दोन लक्षणं एका झाडावर कोणी पाहिली नव्हती. लेखात लॅटिनमधला परिच्छेद लागतो, तो सरांनी बल्लारशाच्या चर्चमधल्या एका फादरकडून तपासून घेतला होता. आणि जातीला नाव दिलं 'हाफिझी'.

सत्काराच्या दिवशी सर म्हणाले होते, "झाडायले राजाचं नाव देतात, साहेबाचं देतात, साहेबाच्या बायकोचंही देतात. कंबरभर चिखलात उभं राह्यते त्याचं नाव आजवर कोणं दिलं?" टाळ्या खूप वेळ वाजल्या. हाफिजच्या गळ्यात हार होता आणि समोरच्या रांगेत जरीना, त्याची बायको, पदराने डोळे पुसत होती.

त्यानंतर एका महिन्याने हाफिजला कळलं, की ती जात जगात नाही.

झालं होतं ते असं. १९७७ च्या सप्टेंबरात दोघं कुरखेड्याकडे गेले होते. सरांना हिवतापाने गाठलं, म्हणून ते जंगलखात्याच्या रेस्ट हाऊसमध्ये पडून राहिले आणि हाफिज एकटाच एका बोडीवर, म्हणजे शेतालगतच्या लहान तळ्यावर, जाऊन झाडं घेऊन आला. परतताना रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, जीपमध्ये पाणी शिरलं, दाबून ठेवलेली झाडं भिजली, निम्मी कुजली. चंद्रपुरात गठ्ठा सोडला तेव्हा एका झाडाला शेंडा नव्हता आणि एकाला बूड नव्हतं. देठ सारखेच, रंग सारखाच. हाफिजने एकाच झाडाचे दोन तुकडे समजून ते डिंकाने जोडले आणि सांध्यावर कागदाची पट्टी लावली. तुटलेलं जोडणं हे त्याचं रोजचंच काम होतं. त्यात त्याला काही सांगण्यासारखं वाटलं नाही.

सत्कारानंतर सरांनी त्याला आणखी नमुने आणायला त्याच बोडीवर पाठवलं. तिथे त्याला ती दिसली, दोन वेगळी झाडं. पाळीच्या, म्हणजे बोडीच्या बांधाच्या, वाळूत एक, त्याच्या बुडाशी कांदा. खालच्या चिखलात दुसरं, त्याच्या शेंड्यावर चपटे दाणे आणि बुडाशी नुसती मुळं. मधे हातभराचं अंतर. हाफिज दुपारभर उपटत राहिला. कांदेवालं प्रत्येक झाड त्याने भिंगाखाली धरलं आणि प्रत्येकाचा दाणा तिधारी निघाला.

सांगायचं ठरवूनच तो परतला होता. पण सरांच्या टेबलावर त्या दिवशी परदेशातून आलेलं अभिनंदनाचं पत्र होतं. ते सरांनी त्याला दोनदा वाचून दाखवलं. मग उद्या सांगू, दिवाळीनंतर सांगू, परीक्षा होऊन जाऊ दे, असं करत साल गेलं. पुढच्या पावसाळ्यात तो म्हणाला, म्हशींनी चरून टाकलं. त्याच्या पुढच्या सालात म्हणाला, बोडी लवकर आटली. सर म्हणत, "बरं, पुढल्या साली पाहू." त्यांचा विश्वासच त्याला फासासारखा बसला होता. शिवी घातली असती तर सुटका तरी झाली असती.

आणि १९८२ साली त्याने ते केलं, ज्याला नुसती चूक म्हणता येत नाही. सरांच्या बढतीच्या वेळी कोणा तज्ज्ञाने शेरा मारला, की एका नमुन्यावर जात उभी राहत नाही. सर कधी नव्हे ते खचले. "हाफिज, या साली भेटलंच पाह्यजे," एवढंच म्हणाले. हाफिज बोडीवर गेला, दोन्ही झाडं घेऊन आला आणि घरी खिडकीपाशी बसून ब्लेडने एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवलं.

जरीनाने पाहिलं. "ये क्या जोड रहे हो?"

"काम आहे."

"कॉलेज का काम घर में कब से करने लगे?" ती थोडा वेळ उभी राहिली. दोन्ही देठ त्याने तिच्या नजरेआड सरकवले. मग ती आत गेली. सरांना बढती मिळाली.

आता या बाई येत होत्या. डॉ. सीता गोन्नाडे, मूळच्या नागपूरच्या, पुण्यात एका संशोधन संस्थेत. देशातल्या सगळ्या लव्हाळ्यांवर त्या पुस्तक लिहीत होत्या. नमुना पोस्टाने पाठवायला सर तयार नव्हते, म्हणून त्या स्वतः यायला निघाल्या. शिवाय त्यांना जिवंत झाड हवं होतं. सरांनी उत्तर लिहिलं की हाफिज स्वतः जागा दाखवील.

सप्टेंबरात तिघं मूल, ब्रह्मपुरी, वडसा करत एस्टीने कुरखेड्याला पोचले. मूळ नमुन्याची शीट, म्हणजे झाड चिकटवलेला तो जाड कागद, सरांनी दोन पुठ्ठ्यांत बांधून सारा रस्ता मांडीवर धरली होती. पलीकडच्या सीटवर हाफिज खिडकीबाहेर बघत होता. धान पोटरीला आलं होतं. बसच्या प्रत्येक धक्क्याला त्याला वाटे, आता पुठ्ठा पडावा, कोणाचा तरी पाय पडावा. सरांची पकड काही सुटली नाही.

बोडीवर बाईंनी साडी खोचली आणि सरळ चिखलात उतरल्या. चाळिशीच्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. तीन तास त्यांनी पाळीचा हात न् हात तपासला. हाफिजही वाकून शोधत राहिला. जे नाही ते शोधताना पाठ फार लवकर दुखते.

रेस्ट हाऊसचा चौकीदार चैतू बरोबर आला होता. तो पाळीवर उकिडवा बसून गंमत बघत होता.

"काय पाह्यता बाई?" त्याने शेवटी विचारलं.

"बुडाशी कांदा असलेला, पण वरचे दाणे चपटे असलेला लव्हाळा."

चैतूने पाळीच्या वाळूत बोटं घातली आणि एक झाड गाठीसकट उपटलं. "गाठीवाला हा. आमी भाजून खातो हिले. चपट्याले गाठ नसते बाई. तो खाली, चिखलात राह्यते. हे दोन वेगळे आहेत."

"तू पाह्यलं नसशीन," सर म्हणाले.

"असंन बापा," चैतू म्हणाला. "लहानपणापासून खाऊन राह्यलो, पण पाह्यलं नसंन."

बाईंनी चैतूकडे पाहिलं, मग हाफिजकडे. हाफिजने चिखलाने भरलेले हात धुवायला घेतले आणि धुतच राहिला.

त्या संध्याकाळी पाऊस धरला तो सुटेना. सकाळी चैतू सांगत आला, की नाल्याला पूर आहे, रपट्यावरून छातीएवढं पाणी चाललंय, एस्टी बंद. दोन खोल्या आणि एक ओसरी. तिघं तिथे कोंडले गेले.

"चला, मग शीट तरी बघू," बाई म्हणाल्या.

ओसरीत टेबल होतं. बाईंनी लहान मायक्रोस्कोप मांडला. सरांनी पुठ्ठे सोडले. हाफिज भिंतीला टेकून उभा राहिला. आत जाऊन बसला असता तरी चाललं असतं.

बाईंनी आधी गाठ पाहिली, मग शेंडा. एक दाणा गरम पाण्यात भिजवून सुईने उकलला. पाऊण तास ते चाललं. कौलांवर पाऊस वाजत होता. मग बाईंचं बोट देठावरून हळूहळू खाली आलं आणि मधल्या कागदी पट्टीवर थांबलं.

"ही पट्टी इथे का आहे?"

"देठ आवळाले," हाफिज म्हणाला. "पट्ट्या लावाव्याच लागतात."

"बाकीच्या पट्ट्या अरुंद आहेत. ही बोटभर रुंद आहे." त्या सरांकडे वळल्या. "सर, तुमची परवानगी असेल तर ही काढून बघू? ओल्या कापसाने सुटेल. नमुन्याला धक्का लागणार नाही."

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. हाफिजला वाटलं, ते नाही म्हणतील. मूळ नमुना आहे, हात लावू देणार नाही, म्हणतील.

"काढा," सर म्हणाले. "पण तुमी नका काढू. हाफिज काढंन. त्याच्यासारखा हात कोणाचा नाई."

चैतूने वाटीत गरम पाणी आणून ठेवलं. हाफिज खुर्चीवर बसला. कापूस बुडवला, पिळला, पट्टीवर ठेवला. डिंक सुटायला पाच मिनिटं लागतात हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं. त्या पाच मिनिटांत त्याच्या मनात सगळं येऊन गेलं. वाटी लवंडावी. हात घसरावा. देठ असा चुरडावा की सांधा दिसूच नये. एवढं एकदा केलं की कायमचं संपलं, बाई गेल्या, सर पुढच्या साली रिटायर झाले. वाटी कोपरापासून वीतभर अंतरावर होती.

त्याने चिमट्याने पट्टीचं टोक धरलं आणि सावकाश उचललं.

खाली देठाचे दोन तुकडे होते. वरचा तुकडा तीन कडक धारांचा, खालचा जरा बसका, मऊ. दोघांमधे जुना पिवळा डिंक.

"दोन झाडं आहेत, सर," हाफिज म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला. "म्याच जोडले. तवा एकच हाय असं वाटलं होतं."

सर त्या सांध्याकडे बघत होते. "आन दुसरी शीट?"

"तेही जोडलेलंच. पण ते समजून उमजून जोडलं."

बाईंनी मायक्रोस्कोपवर कापड घातलं आणि आतल्या खोलीत गेल्या.

सर उठून ओसरीच्या कठड्याशी गेले. पावसात समोरचं मोहाचं झाडसुद्धा धड दिसत नव्हतं. त्यांनी तोंड न फिरवता म्हटलं, "दुसरी शीट पाह्यली तवाच मले समजलं होतं."

हाफिजला आधी कळलंच नाही.

"त्यातही पट्टी तिथीच होती," सर म्हणाले. "बोटभर रुंद. मीबी तीस वर्षं हेच करून राह्यलो, हाफिज. डोळे आहेत मले."

"मंग बोलले काऊन नाई, सर?"

"तुले विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतं. मंग मले ते ऐका लागलं असतं."

इतकी वर्षं हाफिजने कल्पना केली होती, की हा क्षण आला की तो सरांच्या पाया पडेल, रडेल, हलका होईल. तसं काही झालं नाही. त्याला राग आला. चार वर्षं हा माणूस जाणून होता. चार वर्षं दर पावसाळ्यात 'भेटलं काय रे' म्हणून विचारत होता, आणि आपण दर वेळी नवी थाप शोधत होतो. दोघं एकाच खोलीत रोज आठ तास, आणि दोघांनी एकमेकांसमोर तोंड दाबून धरलेलं.

"तुमी विचारत राह्यले," तो म्हणाला. "मी कसे दिवस काढले, सर."

"माह्या मनात ये, एखाद्या दिवशी तू येशीन आन सांगशीन. तू सांगितलं असतं तर मले लिहा लागलं असतं. तू आला नाई, आन मले बरं वाटे." त्यांनी कठड्यावरचं पाणी हाताने निपटलं. "शरम वाटे अन् बरंबी वाटे."

पाणी आणखी दोन दिवस उतरलं नाही. कुठे जाणार? तिघं एकाच टेबलावर चैतूने शिजवलेला भात खात, वरण पुढे सरकवत, पावसाबद्दल बोलत. हाफिज जास्त वेळ चुलीपाशी बसे. तिथे चैतू त्याला काही विचारत नसे.

दुसऱ्या दुपारी बाई सरांना म्हणाल्या, "मी पुस्तकात एवढंच लिहीन, की मूळ नमुना दोन जातींचं मिश्रण आहे. कोणी जोडलं, कसं जोडलं, याची वाचकाला गरज नाही."

"लिहाचं तर मी लिहितो," सर म्हणाले. "तुमच्या पुस्तकाच्या आधी." आणि त्यांनी तिथेच कागद ओढला. वाक्यं खोडत खोडत लिहिलं. शेवटी हाफिजला हाक मारून वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, की नमुना नीट न तपासल्यामुळे लेखकाच्या हातून ही चूक घडली.

"जोडलं म्या, सर. माहं नाव टाका."

"जोडलं तू. पाह्यलं म्या, आन सही माही आहे."

"मंग दुसऱ्या शीटचं?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "तिचं नाई लिहत," ते म्हणाले. "तेवढं माह्यानं होत नाई."

हाफिज बाईंकडे वळला. गेले दोन दिवस एकच प्रश्न त्याच्या मनात होता, आणि त्यात थोडी आशाही होती. "बाई, आता ते नाव पुसल्या जाईन ना? म्हणजे माहं?"

बाईंनी हातातलं भिंग खाली ठेवलं. "नाही, हाफिजभाई. एकदा छापलेलं नाव पुसायची रीत नाही आमच्यात. यादीत राहतं. पुढे फक्त लिहितात, की हे नाव चुकीचं, वापरू नये."

"किती वर्षं?"

"यादी आहे तोवर."

टिपण मार्चमध्ये छापून आलं. जूनमध्ये सर रिटायर झाले. निरोप समारंभात प्राचार्यांनी लव्हाळ्याचा विषय टाळला. एका प्राध्यापकांनी 'कलम' या शब्दावर विनोद केला, काही लोक हसले. सर चामोर्शीजवळ आपल्या गावी राहायला गेले. त्यांनी हाफिजला शेवटपर्यंत एका शब्दाने दुखवलं नाही. पण 'आपला लव्हाळा, आपली बोडी' असं जे ते बोलत, ते कुरखेड्याहून आल्यापासून पुन्हा बोलले नाहीत. शीट फेकायची नसते, म्हणून हाफिजने दोन्ही शीटवर, आपल्याच हाताने, दोन दोन जातींची खरी नावं लिहून नवी लेबलं लावली. जरीनाला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मुझे उसी दिन मालूम था।"

दोन वर्षांनी आबिदाचं, त्याच्या मुलीचं, लग्न राजुऱ्यात ठरलं. व्याही जलालुद्दीन, कोळसा खाणीत फोरमन, दिलदार माणूस. वलीम्याच्या, म्हणजे नवऱ्याकडच्या जेवणाच्या, दिवशी त्याने हाफिजचा हात धरून मांडवभर फिरवलं.

"हे आमचे समधी. यांच्या नावाचं झाड आहे. दुनियाभरच्या किताबात नाव आहे यांचं."

"तसं काही नाही," हाफिज म्हणाला. "ते झाड नव्हतंच. चूक होती. छापूनबी आलं तसं."

"पाहा," जलालुद्दीन पाहुण्यांना म्हणाला, "किती साधा माणूस आहे."

"मी खरं सांगून राह्यलो, भाई. असं झाडच नाही कुठी."

पाहुणे कौतुकाने हसले. बिर्याणीची पातेली आली, लोक बसू लागले. हाफिजला मानाने मधोमध बसवलं गेलं. त्याच्या उजव्या हाताला बसलेल्या म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नव्हतं. त्याने शेजारच्याला विचारलं, "काय म्हणाले ते?"

"त्यांच्या नावाचं झाड आहे म्हणतात," शेजारी ताट पुढे ओढत म्हणाला. "फार दुर्मिळ. आता कुठीच भेटत नाई."